आजीच्या अंगठीतील हिरा : मोडीत घालण्यापूर्वी

लग्नसराई जवळ आली की केळापूर तालुक्यातील घराघरांतून जुने दागिने बाहेर निघतात. कापसाचे पैसे हातात आलेले असोत वा नसोत, मुलीचे लग्न थांबत नाही. मग कपाटातील डबी उघडली जाते, आजीची अंगठी किंवा नथ रुमालात बांधली जाते आणि पांढरकवड्याच्या सराफाच्या पेढीवर ठेवली जाते. सराफ वजन करतो, कस पाहतो, तूट धरतो आणि मोडीचा भाव सांगतो. अंगठीत बसवलेला पांढरा खडा तो चिमट्याने काढून कागदाच्या पुडीत घालतो व म्हणतो, "खड्याचे काही येत नाही." गिऱ्हाईक मान डोलावते. पुडी कधी घरी जाते, कधी पेढीवरच राहून जाते.

हा प्रसंग आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी अनेकदा पाहिला असेल. पुष्कळ वेळा तो खडा खरोखरच काचेचा असतो. पण काही वेळा तो हिरा असतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हाताने पैलू पाडलेला, आज पुन्हा घडवता न येणारा. सोन्याचा भाव सगळ्यांना पाठ असतो, म्हणून सोन्यात फसवणूक करणे अवघड असते. जुन्या हिऱ्याचा भाव कोणालाच ठाऊक नसतो. नुकसान तिथेच होते आणि इमानही तिथेच तपासले जाते. म्हणून या अंकात आपण तीन गोष्टी पाहू : जुना हिरा ओळखावा कसा, त्याची नवी अंगठी करण्यासाठी कारागीर व नक्षा निवडावा कसा, आणि हा व्यवहार शुद्ध राहील असा लिहावा कसा.

वऱ्हाडात हिरे आले कोठून?

"आमच्या खेड्यापाड्यात हिरा कुठला?" असे कोणी म्हणेल. तसे म्हणणे बरोबर नाही. अकबराच्या काळी अबुल फजल यांनी 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यातील वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचा उल्लेख आहे आणि त्याला लागूनच शेजारच्या गोंड जमीनदाराच्या ताब्यातील वैरागडजवळच्या हिऱ्यांच्या खाणींची नोंद आहे. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात आहे. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, बहामनी सुलतान अहमदशाह वली यांनी माहूर व कळंबकडे स्वारी केली तेव्हा त्यांना हिऱ्यांची खाण मिळाली, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो.

दक्षिणेला गोवळकोंडा आहेच. कृष्णेच्या काठच्या कोल्लूरसारख्या खाणींतील माल गोवळकोंड्याच्या बाजारात येत असे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला लागणारे जवळजवळ सगळे हिरे हिंदुस्थानातून जात. दक्षिण आफ्रिकेतील हिरे तर १८६७ नंतरचे. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष अमलाखाली होता आणि त्यानंतरही हैदराबादशी आपल्या भागाचे सोयरसंबंध, नोकऱ्या व व्यापार तुटला नाही. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरूनच जातो. म्हणून एखाद्या जुन्या घराण्यात हैदराबादेहून आलेली हिऱ्याची अंगठी असणे यात नवल नाही.

मात्र इथेच एक इशारा द्यावासा वाटतो. जुना हिरा दिसला की "हा गोवळकोंड्याचा आहे" असे सांगून भाव चढवण्याची पद्धत बाजारात आहे. गोवळकोंड्याचे म्हणून गाजलेले अनेक स्वच्छ हिरे शास्त्रज्ञ ज्याला 'टाइप टू-ए' म्हणतात त्या प्रकारात मोडतात, हे खरे. पण दक्षिण आफ्रिकेत १९०५ मध्ये सापडलेला प्रचंड कलिनन हिराही त्याच प्रकारचा आहे. प्रकारावरून खाण सिद्ध होत नाही. घराण्याची लेखी कागदपत्रे नसतील तर "जुना हिरा" एवढेच म्हणावे. त्यापुढे बोलणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे होय.

जुना हिरा ओळखायचा कसा?

आजचा गोल हिरा ज्या प्रमाणात घडवला जातो त्याचे गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडले. त्यापूर्वीचे कारागीर हाताने आणि नजरेच्या अंदाजाने काम करीत. दगडाचे वजन शक्य तेवढे राखायचे, हा त्यांचा पहिला हिशेब असे. म्हणून जुन्या हिऱ्यांचे घाट वेगळे दिसतात. आपल्याकडे साधारणपणे चार घाट आढळतात.

पोलकी : दगडाचा नैसर्गिक आकार राखून चपटा केलेला, पैलू अगदी थोडे. कुंदनकामात हाच वापरतात.

रोज कट : खालची बाजू सपाट, वरची घुमटासारखी उंच आणि तिच्यावर त्रिकोणी पैलू.

ओल्ड माइन : साधारण चौकोनी पण कोपरे गोल, वरचा सपाट भाग लहान, माथा उंच.

ओल्ड युरोपियन : गोल, पण आजच्या हिऱ्यापेक्षा उंच माथ्याचा व अधिक खोल.

शेवटच्या दोन प्रकारांत तळाचे टोक कापून लहान सपाट पैलू ठेवलेला असतो. दहापट भिंगातून वरून पाहिले की हिऱ्याच्या मध्यभागी बारीक छिद्रासारखे वर्तुळ दिसते. ही जुन्या पैलूची खूण आहे; तिला दोष समजू नये. असे हिरे दिव्याच्या उजेडासाठी घडवलेले असत. विजेच्या झगझगाटात ते नव्या हिऱ्यासारखे चमचमत नाहीत, पण मंद उजेडात त्यांचे पाणी रुंद आणि ठळक दिसते. पुष्कळ जुन्या हिऱ्यांत हलकी पिवळसर झाक असते. पांढऱ्या धातूत ती उठून दिसते, पिवळ्या सोन्यात मात्र ती मिसळून जाते.

आता खरे-खोटे पाहण्याविषयी. वर्तमानपत्रावर खडा ठेवून अक्षरे दिसतात का पाहणे, तोंडाची वाफ सोडणे, काचेवर ओरखडा काढणे हे उपाय भरवशाचे नाहीत. चपट्या पोलकीतून अक्षरे दिसू शकतात. काचेवर ओरखडा तर इतरही कितीतरी खडे काढतात आणि घासताना हिऱ्याची कड उडू शकते. उष्णतेवर चालणारे तपासणी पेन बऱ्याच सराफांकडे असते. ते काच आणि अमेरिकन डायमंड वेगळे काढते, पण मोइसानाइट नावाचा कृत्रिम खडा त्या पेनाला हिराच वाटतो. मोइसानाइटमध्ये भिंगातून तिरपे पाहिले असता मागच्या पैलूंच्या कडा जोडीने दिसतात. हिऱ्यात तशा दिसत नाहीत.

काळाचा हिशेबही उपयोगी पडतो. अमेरिकन डायमंड बाजारात भरपूर येऊ लागला तो १९७६ च्या सुमारास, मोइसानाइट १९९८ नंतर. म्हणजे १९६० सालच्या लग्नातील अंगठीत हे दोन्ही खडे मूळचे असू शकत नाहीत. मध्यंतरी कोणी खडा बदलला असेल तर गोष्ट वेगळी. त्या काळच्या अंगठीत हिरा नसेल तर बहुधा काच, पांढरा पुष्कराज किंवा जरकन निघतो.

उलट, बाजारातून "अँटिक" म्हणून सुटा हिरा विकत घेताना अधिक सावध राहावे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनाही आज जुन्या पद्धतीचे पैलू पाडले जातात. असा हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच असतो. भिंग आणि पेन दोन्ही त्याला ओळखू शकत नाहीत. त्याचा भाव मात्र नैसर्गिक हिऱ्याच्या तुलनेत फारच कमी असतो. जुना घाट म्हणजे जुना हिरा नव्हे, हे गिऱ्हाइकानेही लक्षात ठेवावे आणि दुकानदारानेही.

वजन, माप आणि प्रमाणपत्र

हिऱ्याचे वजन कॅरटमध्ये करतात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि कॅरटचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. आपल्याकडे जुनी माणसे अजून रतीत बोलतात. बारा मासे व शहाण्णव रती यांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर सोनाराची रती सुमारे १२१ मिलिग्रॅमची होते, म्हणजे कॅरटपेक्षा बरीच लहान. खड्यांच्या बाजारात रतीचे दुसरेही माप चालते. यातून गैरसमज होतात. म्हणून बोलणे रतीत झाले तरी लिहिणे कॅरटमध्येच असावे. सोन्याचा 'कॅरट' म्हणजे शुद्धता आणि हिऱ्याचा 'कॅरट' म्हणजे वजन, हाही फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगावा.

अंगठीत बसवलेल्या गोल हिऱ्याचे वजन अंदाजे काढता येते. व्यासाचा वर्ग गुणिले खोली (दोन्ही मिलिमीटरमध्ये), त्याला ०.००६१ ने गुणावे. समजा, हिरा ६ मिलिमीटर रुंद व ३.९ मिलिमीटर खोल आहे. ३६ गुणिले ३.९ म्हणजे १४०.४. त्याला ०.००६१ ने गुणले की सुमारे ०.८६ कॅरट येतात. म्हणजे हिऱ्याचे वजन ०.१७ ग्रॅम. अंगठीचे एकूण वजन ५.२० ग्रॅम असेल तर सोने ५.०३ ग्रॅम उरले. सोने १८ कॅरटचे असल्यास त्यात शुद्ध सोने ३.७७ ग्रॅम. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडला तर दोघांच्याही मनात किंतू राहत नाही.

कुंदन किंवा जडावाच्या दागिन्यात आणखी एक गोष्ट असते. खड्याच्या मागे चमक येण्यासाठी चांदीचा पातळ वर्ख बसवलेला असतो आणि पोकळीत लाख भरलेली असते. लाखेचे वजन सोन्यात मोजले जाऊ नये, तसेच वर्खाची चमक हिऱ्याच्या पाण्यात मोजली जाऊ नये. बंद कोंदणातील खड्याचा खरा रंग कोंदण उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून बंद कोंदणातील हिऱ्याचा भाव सांगताना "उघडल्यावर कमी-अधिक होईल" असे आधीच सांगणे हाच न्याय आहे.

दगड चांगला दिसत असेल आणि किंमत मोठी वाटत असेल तर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे. जीआयए, आयजीआय यांसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. इतवारीतील सराफांशी आपल्या भागातील दुकानदारांचा नित्याचा व्यवहार असतो. त्यांच्यामार्फतही दगड पाठवता येतो. प्रमाणपत्रात हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतील, त्याचे अचूक वजन, मापे, रंग व शुद्धता दिलेली असते. जुन्या घाटाच्या हिऱ्याला आजच्या गोल हिऱ्यासारखी पैलूंची श्रेणी मिळाली नाही तर घाबरू नये. ती मोजपट्टी नव्या गोल हिऱ्यासाठी केलेली आहे.

पैलू पुन्हा पाडावेत का?

जुना हिरा पाहिला की काही जण सल्ला देतात, "सुरतेला पाठवा, नवे पैलू पाडून आणा, चमक दुप्पट होईल." हा सल्ला ऐकण्यापूर्वी आपल्याच महाराष्ट्रातील एका हिऱ्याची हकिकत ऐकावी.

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराशी जोडला गेलेला 'नासक' हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. लंडनमध्ये त्याला नवे पैलू पाडले गेले तेव्हा वजन घटले. पुढे १९४० मध्ये अमेरिकेतील जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी त्याला पुन्हा घडवले आणि तो ४३.३८ कॅरटचा उरला. निम्म्याहून अधिक दगड भुकटी होऊन गेला. कोहिनूरचेही तेच झाले. १८५२ मध्ये लंडनमध्ये पैलू पाडताना सुमारे १९१ कॅरटचा दगड १०५.६ कॅरटवर आला.

हे राजेरजवाड्यांचे दगड होते. आपल्या आजीच्या अंगठीतील हिरा एक कॅरटही नसेल. पण हिशेब तोच आहे. नवे पैलू पाडले की वजन जाते, जुना घाट जातो आणि उरतो तो बाजारात हजारोंनी मिळणाऱ्या हिऱ्यांसारखा आणखी एक हिरा. जुन्या घाटाला आज स्वतःचे गिऱ्हाईक आहे. कड फुटून पुढे तडा जाण्याची भीती असेल तरच तेवढ्या भागाला हात लावावा, आणि तोही दगड जाणकाराला दाखवून. एरवी हिरा आहे तसा ठेवावा आणि त्याला शोभेल अशी अंगठी करावी.

कारागीर आणि नक्षा

नव्या हिऱ्यासाठी तयार साचे मिळतात. सहा मिलिमीटरचा हिरा सहा मिलिमीटरच्या घरात बसतो. जुन्या हिऱ्याचे तसे नाही. एक बाजू थोडी फुगीर, एक बाजू थोडी बसकी, माथा उंच, तळ खोल. तयार घरात तो जबरदस्तीने बसवला तर कड उडते. म्हणून जुन्या हिऱ्याच्या अंगठीसाठी कारागीर निवडताना त्याच्या दुकानाची सजावट पाहू नये, त्याचे हातचे काम पाहावे. त्याला पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली, जुन्या घाटाचे हिरे त्याने पूर्वी बसवले आहेत काय? असतील तर नमुना किंवा छायाचित्र पाहावे.

दुसरी, नक्षा काढणारा, ओतकाम करणारा आणि खडा बसवणारा हे तिघे एकच आहेत की वेगवेगळे? आज पुष्कळ ठिकाणी नक्षा संगणकावर निघतो, ओतकाम दुसऱ्या शहरात होते आणि जडाईचे काम तिसऱ्याकडे जाते. यात वावगे काही नाही; पण दगड कोणाकोणाच्या हातून जाणार हे मालकाला माहीत असले पाहिजे.

तिसरी, सोन्यात ओतण्यापूर्वी मेणाचा नमुना दाखवील काय? मेण बदलता येते. सोने बदलायला पुन्हा घडणावळ लागते. मेणाच्या नमुन्यात हिरा ठेवून पाहिला की उंची किती होते, ओढणीत किंवा दस्तान्यात अडकेल की नाही, हे तेव्हाच कळते.

चौथी, हिरा बसवल्यावर अंगठीला गॅसची ज्योत लावावी लागेल काय? हिरा कठीण असला तरी तो कोळशाचाच भाऊ आहे. उघड्या ज्योतीत त्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होऊ शकतो आणि आत तडा असेल तर तो वाढतो. जाणता कारागीर डागाचे काम आधी उरकतो आणि खडा शेवटी बसवतो.

कोंदणाविषयी थोडे. नाजूक कडेच्या जुन्या हिऱ्याला चारी बाजूंनी सोन्याचा काठ देणारे बंद घर सर्वांत सुरक्षित. रोज घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या हातात असेच घर टिकते. पंजाच्या घरात हिरा अधिक उघडा दिसतो, पण पंजे झिजतात; वर्षातून एकदा ते तपासून घ्यावेत. सपाट तळाच्या रोज कटला मागून उघडे घर दिले तर तो निस्तेज दिसू शकतो, कारण त्याची चमक मागच्या वर्खावर अवलंबून असते. तो बंद कोंदणातच शोभतो. अशी अंगठी पाण्यात बुडवू नये. पाणी आत गेले की वर्ख काळा पडतो. वुजूच्या वेळी ती काढून ठेवणे बरे. उघड्या घरातील हिरा मात्र कोमट साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशने धुतला तरी चालतो.

हिरा धरण्यासाठी २२ कॅरटचे सोने मऊ पडते. पंजाची अंगठी १८ कॅरटमध्ये करावी. मापाविषयी एक लहान सूचना : आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोट फुगते आणि थंडीत बारीक होते. माप संध्याकाळी, हात नेहमीसारखा असताना घ्यावे.

व्यवहार शुद्ध कसा राहील?

इथे आमच्या कारागीर बंधूंना एक आनंदाची गोष्ट सांगाविशी वाटते. ठरवून वस्तू बनवून घेण्याच्या कराराला फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात आणि त्याच्या समर्थनार्थ हनफी फुकहा जे दाखले देतात त्यांत अंगठीचाही दाखला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतःसाठी चांदीची अंगठी बनवून घेतली होती. म्हणजे फर्माईशीची अंगठी घडवणे हा प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे. पण या करारात वस्तूचे वर्णन स्पष्ट हवे. "छान करून द्या" हे वर्णन नव्हे.

सोन्याच्या बाबतीत व्याजाचा धोका आहे, तो टाळावा. सोन्याच्या बदल्यात सोने घ्यायचे तर वजन सारखे आणि हातोहात, हा नियम आहे. जुने दहा ग्रॅम देऊन नवे आठ ग्रॅम घेणे हा व्यवहार बाजारात रोज होतो, पण तो या नियमात बसत नाही. मार्गही प्रेषितांनीच दाखवला आहे. हजरत बिलाल (रजि.) यांनी हलक्या प्रतीच्या खजुराच्या दोन मापांच्या बदल्यात चांगल्या खजुराचे एक माप घेतले, तेव्हा प्रेषितांनी ते नाकारले आणि हलके खजूर विकून त्या पैशातून चांगले घ्यावेत असे सांगितले. तेव्हा जुने सोने आधी विकावे, पैसे हातात घ्यावेत, मग नवे खरेदी करावे. पावत्या दोन होतील, पण व्यवहार स्वच्छ राहील. त्याहून सोपा मार्ग म्हणजे गिऱ्हाइकाने आपलेच सोने व आपलाच हिरा द्यावा आणि कारागिराने फक्त मजुरी घ्यावी. बारीकसारीक प्रश्न आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारावेत.

हिरा या नियमाखाली येत नाही. त्याची किंमत दोघांच्या राजीखुशीने ठरते.

दगड कारागिराच्या हवाली करताना पावतीवर एवढे लिहावे : हिऱ्याचा घाट, वजन, लांबी-रुंदी-खोली, रंगाची झाक, भिंगातून दिसणारे डाग व तडे आणि त्यांच्या जागा, प्रमाणपत्र असल्यास त्याचा क्रमांक, दिलेल्या सोन्याचे वजन व शुद्धता, मजुरी, तुटीचे प्रमाण, परत करण्याची तारीख आणि दगडाला इजा झाल्यास कोणी काय सोसायचे. दोघांच्या सह्या आणि जवळून काढलेले छायाचित्र. हिरा बदलल्याच्या तक्रारी इथेच संपतात. हे कागद म्हणजे कारागिरावर अविश्वास, असे समजू नये. दिव्य कुरआनने उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगितले आहे, त्यामागेही दोघांचे रक्षण हाच हेतू आहे. सचोटीच्या कारागिराला तर या कागदाची अधिकच गरज असते, कारण खोटा आळ त्याच्यावरच येतो.

हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून जिल्हावार टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला. कुंदन, पोलकी व जडावाचे दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत. म्हणून अशा दागिन्याच्या पावतीवर सोन्याची शुद्धता दुकानदाराने स्वतः लिहून द्यावी; तिथे त्याचा शब्द हाच शिक्का असतो.

अंगठी मेहरमध्ये द्यायची असेल तर निकाहनाम्यात नुसते "हिऱ्याची अंगठी" लिहू नये. सोन्याचे वजन, हिऱ्याचे कॅरट आणि त्या दिवशीची किंमत लिहावी. मेहर हा पत्नीचा हक्क आहे. पुढे कधी वाद झाला तर तीन ओळींचा हा तपशील तिच्या कामी येतो. नवरदेवासाठी अंगठी करायची तर ती चांदीची असावी. पुरुषांना सोने निषिद्ध आहे, हे सांगायला मुस्लिम सराफाने संकोच करू नये, भले त्या दिवशी सोन्याची विक्री एकाने कमी होवो.

जकातीविषयी : वापरण्यासाठी असलेल्या हिऱ्यावर जकात नाही, विक्रीच्या मालातील हिऱ्यावर आहे. अंगठीतील सोने हनफी मतानुसार निसाबमध्ये मोजावे लागते. शाफई मतानुसार नेहमीच्या वापरातील दागिन्यांना सूट आहे.

न सांगितलेला भाव

आता ज्या पुडीपासून आपण सुरुवात केली तिच्याकडे परत येऊ. समजा, एक विधवा भगिनी अंगठी मोडायला आली आहे. सराफाने भिंगातून पाहिले आणि त्याला कळले की हा जुना हिरा आहे. तिला ते ठाऊक नाही. त्याने "खड्याचे काही येत नाही" असे म्हटले तर ते खोटे झाले, हे उघड आहे. पण तो नुसता गप्प राहिला आणि सोन्याच्या भावात अंगठी घेतली तर?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाहेरगावाहून माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजाराबाहेर गाठून माल खरेदी करण्यास मनाई केली, कारण येणाऱ्याला बाजारभाव माहीत नसतो; आणि तसा सौदा झालाच तर बाजारात पोहोचल्यावर तो मोडण्याचा हक्क विक्रेत्याला दिला. खेड्यातून आलेल्या त्या भगिनीची स्थिती काय वेगळी आहे? ती बाजारात बसलेली असली तरी हिऱ्याच्या बाजारापासून कोसभर दूरच आहे.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची हकिकत प्रसिद्ध आहे. त्यांच्यासाठी तीनशे दिरहमला एक घोडा ठरवण्यात आला. त्यांनी घोडा पाहिला आणि मालकाला सांगितले की याची किंमत याहून जास्त आहे. असे करत करत त्यांनी स्वतःच भाव वाढवला आणि आठशे दिरहम दिले. प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतण्याची बैअत आपण प्रेषितांशी केली आहे, असे त्यांनी त्याचे कारण सांगितले.

आठशे देण्याची ऐपत सगळ्यांची नसेल. पण "बाई, हा खडा हिरा असावा, नागपूरला दाखवून या, मग ठरवा" एवढे वाक्य बोलायला भांडवल लागत नाही. अशा सराफाचा त्या दिवशीचा नफा बुडतो, हे खरे. मात्र ती भगिनी घरी जाऊन ही गोष्ट दहा घरांत सांगते, आणि तिच्या मुलीच्या लग्नात त्याच हिऱ्याची अंगठी घडवायला ती दुसऱ्या कोणाच्या पेढीवर जाणार नाही. आमच्या भागातील पेढ्या जाहिरातींवर चालत नाहीत, नावावर चालतात.

तेव्हा व्यापारी बंधूंनी आपल्या पेढीवर दहापट भिंग, सेंटपर्यंत वजन करणारा काटा आणि मिलिमीटरचे माप ठेवावे. कारागीर बंधूंनी जुन्या घाटाचा हिरा बसवण्याचे कसब आपल्या मुलांना शिकवावे, कारण साचे ओतणारे पुष्कळ आहेत आणि दगड पाहून घर करणारे थोडे उरले आहेत. आणि गिऱ्हाइकांनी डबीतील अंगठी मोडण्यापूर्वी खड्याची चौकशी करावी. पुडीत गेलेला हिरा परत मिळत नाही. गेलेल्या विश्वासाचेही तसेच आहे.